पाडायची की सावरायची? : मुंबईतल्या जुन्या इमारतींचा प्रश्न

मुंबईत तीस-पस्तीस वर्षं उलटलेल्या कुठल्याही सोसायटीच्या आवारात चार सभासद जमले की बोलणं हमखास एकाच वळणाला लागतं. बिल्डर किती टक्के जादा कार्पेट देतोय, कॉर्पस किती, भाडं किती, पार्किंग एक की दोन. आपली इमारत खरोखरच पाडायच्या अवस्थेला आली आहे का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. रीडेव्हलपमेंटचा विषय एकदा निघाला की गच्चीचं वॉटरप्रूफिंग थांबतं, रंगकाम थांबतं, गळक्या पाइपाकडे 'आता पाडायचीच आहे' म्हणून दुर्लक्ष होतं. पुढे बोलणी पाच-सात वर्षं रखडतात आणि तोवर धडधाकट इमारतही धोकादायक होऊन बसते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी इमारतीची प्रकृती तपासायची, मग ऑफर ऐकायची. त्यासाठी पाडणं आणि सावरणं या दोन्हींबद्दल सभासदाला काय ठाऊक असायला हवं, ते इथे एकत्र मांडलं आहे.

कोणती इमारत कुणाच्या अखत्यारीत?

पहिला प्रकार उपकरप्राप्त इमारतींचा. शहर भागात त्या जास्त. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. त्या भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडेना, आणि पागडी देऊन राहणाऱ्या भाडेकरूला, घर आपल्या नावावर नाही म्हणून, खर्च करावासा वाटेना. इमारती कोसळू लागल्या. त्यातून १९६९चा दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळाचा कायदा आला. मालमत्ता कराबरोबर उपकर गोळा करायचा आणि मंडळाने दुरुस्ती करायची, अशी ती योजना. तेव्हा अशा १९,६४२ इमारती होत्या. त्यांतल्या १६,५०२ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या, 'अ' वर्गातल्या. आज सुमारे १३ हजार उरल्या आहेत. हे मंडळ आता म्हाडाचा भाग आहे आणि दर पावसाळ्याआधी ते अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं.

दुसरा प्रकार बीडीडी चाळींचा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे १९२०च्या दशकात या चाळी उभ्या राहिल्या. एकूण २०७, त्यांपैकी एकट्या वरळीत १२१. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची आणि संडास सामाईक. पुनर्विकासाचं भूमिपूजन २०१७ मध्ये झालं. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. इथे पाडणंच योग्य होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कितीही पैसा ओतला तरी १६० फुटांच्या खोलीत तीन पिढ्यांना आडोसा मिळत नाही.

तिसरा प्रकार सहकारी सोसायट्यांचा. उपनगरांत १९७० ते १९९५च्या दरम्यान बांधलेल्या चार मजली किंवा लिफ्टच्या सात मजली आरसीसी इमारती या प्रकारात येतात. यांचं काय करायचं ते सभासदांनीच ठरवायचं असतं. पुढचं बरंचसं विवेचन त्यांच्यासाठी आहे.

काँक्रीट आतून कसं खचतं?

ताज्या काँक्रीटचा सामू १२ ते १३ असतो. या अल्कतेमुळे आतल्या सळईवर अगदी पातळ संरक्षक थर धरतो आणि ती गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत जातो, सामू ९च्या खाली घसरतो आणि तो थर टिकत नाही. मुंबईत समुद्राच्या वाऱ्याबरोबर क्षारही येतात. त्यात पाण्याची जोड मिळाली की सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त, सहापटीपर्यंत, जागा व्यापतो. आत तेवढी जागा नसते, त्यामुळे तो काँक्रीटला आतूनच फोडतो.

हे बाहेरून दिसतं ते असं : आधी सळईच्या रेषेत केसाएवढी चीर, मग तपकिरी ओघळ, मग एके दिवशी छताचा पोपडा खाली. या तिसऱ्या टप्प्यावर बहुतेक घरांत गवंडी बोलावून सिमेंट थापलं जातं आणि वरून रंग मारला जातो. आत सळई गंजतच राहते, फक्त आता ती दिसत नाही.

पाणी येतं कुठून? गच्चीवर संशय सगळ्यांचाच असतो, पण जास्त नुकसान होतं ते न्हाणीघर आणि संडासाच्या खालच्या स्लॅबचं. तिथला विटांच्या तुकड्यांचा कोबा एकदा फुटला की भर पाण्याने भिजलेली राहते आणि खालच्या घरात छताला कायमची ओल धरते. दुसरी जागा म्हणजे मागचा डक्ट. सांडपाण्याचे पाइप तिथे गळतात, पिंपळ मुळं धरतो आणि सभासद वर्षानुवर्षं तिथे डोकावत नाहीत. सोसायटीच्या सचिवाने वर्षातून एकदा तरी या डक्टमध्ये उतरून बघायला हवं. इमारतीचं वय जन्मदाखल्यावरून कळतं, दशा डक्टमध्ये कळते.

पाण्याइतकाच घात माणसं करतात. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडला महापालिकेच्याच कर्मचाऱ्यांची इमारत कोसळून ६१ जण गेले. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची साईदर्शन इमारत कोसळून १७ जण गेले. दोन्ही इमारती चाळिशीच्या आतल्या होत्या आणि दोन्हीकडे तळमजल्यावरच्या फेरफारांचा ठपका ठेवला गेला. तळमजल्याच्या दुकानदाराने 'फक्त एक भिंत काढतोय' म्हटलं, तर ते काम त्याच दिवशी थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं. संकोचाला इथे जागा नाही.

स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये काय बघायचं?

मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-बनुसार तीस वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेणं बंधनकारक आहे. सोसायट्यांचे आदर्श उपविधी त्याहून कडक आहेत. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायला ते सांगतात. किती सोसायट्या हे पाळतात, ते आपापल्या फायली उघडून पाहावं.

तपासणीची सुरुवात साध्या हातोडीने होते. इंजिनिअर कॉलमवर, बीमवर ठोकत जातो. काँक्रीट धड असेल तर आवाज टणक येतो. आतून सुटलं असेल तर बद्द येतो. शेजारी उभ्या असलेल्या सभासदालाही हा फरक लगेच कळतो. त्यानंतर यंत्रं येतात. अल्ट्रासोनिक चाचणीत ध्वनिलहर काँक्रीटमधून किती वेगाने जाते ते मोजतात. सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर असेल तर उत्तम, तीनच्या खाली असेल तर शंका घ्यावी. हाफ-सेल चाचणीत सळईचं विद्युत विभव उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं, तर गंज सुरू असल्याची शक्यता ९० टक्क्यांवर धरतात.

सगळ्यात बोलकी चाचणी मात्र स्वस्तातली आहे. काँक्रीटचा ताजा फोडलेला भाग घेऊन त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारतात. जिथे अल्कता शिल्लक आहे तिथे काँक्रीट क्षणात गडद गुलाबी होतं. जिथे ती संपली आहे तिथे रंगच येत नाही. बाहेरच्या कडेपासून हा बिनरंगी पट्टा किती मिलिमीटर आत गेला आणि सळई किती खोलवर आहे, एवढंच पट्टीने मोजायचं. पट्टा सळईपर्यंत पोहोचला असेल तर तिचं संरक्षण संपलं. ही चाचणी होताना प्रत्येक विंगमधल्या दोन-तीन सभासदांनी तिथे उभं राहावं. इमारतीबद्दलचं मत व्हॉट्सॲपवर बनवण्यापेक्षा तिथे बनवलेलं बरं.

अहवाल हाती आला की शेवटच्या पानावरचा निष्कर्ष आधी वाचू नये. किती ठिकाणी चाचण्या घेतल्या, त्या नकाशावर दाखवल्या आहेत का, फोटोखाली सदनिका क्रमांक आहे का, आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक जोडलं आहे का, हे तपासावं. अंदाजपत्रक न देता थेट 'पाडा' सांगणारा अहवाल मी अपुरा मानतो.

सी-१चा शिक्का

अहवालानुसार इमारत चारपैकी एका वर्गात जाते. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२ अ म्हणजे रिकामी करून, गरज पडल्यास काही भाग पाडून, मोठी संरचनात्मक दुरुस्ती करायची. सी-२ ब म्हणजे माणसं राहत असताना संरचनात्मक दुरुस्ती करायची. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

या वर्गवारीवरून भांडणं होतात, कारण प्रत्येक अक्षरामागे पैसा आहे. मालकाला किंवा विकासकाला सी-१ हवा असतो, कारण मग इमारत पाडण्याची कलम ३५४ची नोटीस निघते आणि विरोध मावळतो. घर सोडायला धास्तावलेल्या रहिवाशांना सी-२ ब हवा असतो. दोन बाजूंचे दोन अहवाल परस्परविरोधी आले, तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. तिथे जायला घाबरू नये. ती सोय त्यासाठीच आहे.

पण प्रामाणिक तपासणीनंतर सी-१ ठरली असेल, तर एक पावसाळाही काढू नये. भेंडी बाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळली आणि ३३ जण दगावले. तिचा पुनर्विकास ठरलेला होता. काही कुटुंबं हललीही होती, काही मागे राहिली होती. घर सोडलं तर हक्क जाईल ही भीती माणसांना अशा छताखाली धरून ठेवते. ही भीती काढायला हवी. इमारत पडली किंवा पालिकेने पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच दिला आहे. रिकामी करण्यापूर्वी कुणाकडे किती क्षेत्रफळ होतं, त्याची पालिकेकडून मोजणी करून यादी घ्यावी आणि तिची प्रत स्वतःकडे ठेवावी.

सावरायचं ठरलं तर

चांगल्या दुरुस्तीची सुरुवात पाण्यापासून होते. आधी गच्ची, पाइप, न्हाणीघरं, डक्ट, मग काँक्रीट. हा क्रम चुकला तर केलेलं काम दोन-तीन पावसाळ्यांत वाया जातं.

त्यानंतर टेकू लावून भार उचलतात आणि सुटलेलं काँक्रीट, टणक आवाज येईपर्यंत, फोडून काढतात. सळया तारेच्या ब्रशने घासून उघड्या करतात. सळईची जाडी फार झिजली असेल तर शेजारी नवी जोडतात. गंजरोधक लेप लावून पॉलिमरयुक्त मॉर्टरने तो भाग भरतात. कॉलम जास्तच खचला असेल तर त्याच्याभोवती नव्या सळयांचा पिंजरा बांधून मायक्रोकाँक्रीट ओततात. याला जॅकेटिंग म्हणतात. कॉलम चारही बाजूंनी जाड होतो, एखाद्याचं कपाट बसत नाही, एखाद्याचा दरवाजा अडतो आणि त्यावरून सोसायटीत महाभारत होतं. तळमजल्याच्या सभासदाने घर उघडून दिलं नाही तर वरच्या सगळ्यांची दुरुस्ती फुकट जाते. हे समजावण्याचं काम इंजिनिअरचं नाही, समितीचं आहे.

पैशांची अडचण खरी आहे. उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड पाव टक्का, दर वर्षी. पण तो बांधकाम खर्च मूळचा, म्हणजे १९८०च्या इमारतीसाठी १९८०च्या भावाचा. त्यातून आजची जॅकेटिंगची बिलं भागणं शक्य नाही. सर्वसाधारण सभेला ही वर्गणी वाढवता येते. ती दहा वर्षं आधी वाढवली तर टोचत नाही. ऐन वेळी घरटी लाखांची मागणी आली की सगळे बिल्डरकडे धावतात.

आणि दुरुस्ती म्हणजे दर्शनी भाग झळकवणं नव्हे. लंडनचा २४ मजली ग्रेनफेल टॉवर १९७४चा. २०१६ मध्ये त्याचं नूतनीकरण पुरं झालं, त्यात बाहेरून ज्वालाग्राही पत्र्यांचं आवरण चढवलं गेलं. १४ जून २०१७च्या आगीत ७२ जणांचा बळी गेला. आपल्याकडेही जुन्या इमारतींवर चकचकीत पॅनेल लावण्याची हौस वाढते आहे. त्या पॅनेलच्या आगीच्या चाचणीचा दाखला मागितल्याशिवाय काम देऊ नये.

बोर्दोतली ५३० घरं

सावरण्याचं काम किती दूरवर नेता येतं, हे फ्रान्समधल्या बोर्दो शहरात दिसलं. ग्रां पार्क वसाहतीतल्या १९६०च्या दशकातल्या दहा ते पंधरा मजली तीन इमारती, एकूण ५३० घरं. पाडण्याऐवजी ॲन लाकातों आणि झां-फिलिप व्हासाल यांनी, आणखी दोन वास्तुविशारदांबरोबर, इमारतींना बाहेरून स्वतंत्र सांगाडा जोडला आणि प्रत्येक घराला सुमारे ३.८ मीटर खोलीची काचबंद गॅलरी दिली. जुन्या छोट्या खिडक्यांच्या जागी पूर्ण उंचीचे सरकते दरवाजे आले. रहिवासी घरातच राहिले. एका घराचं काम दोन आठवड्यांच्या आसपास उरकत होतं. या कामाला २०१९ साली युरोपीय संघाचा मीस व्हान डेर रोह पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये दोघांना प्रिट्झकर.

हे जसंच्या तसं मुंबईत होणार नाही. तिथे सांगाडा मजबूत होता, मालकी एका सार्वजनिक संस्थेची होती आणि इमारतीभोवती मोकळी जागा होती. आपल्याकडे दोन इमारतींमधून ॲम्ब्युलन्स वळत नाही. पण पाडण्याआधी 'आहे त्यात काय वाढवता येईल' याचा हिशेब मांडायची त्यांची रीत इथेही घेण्यासारखी आहे. आपल्याकडे हा हिशेब होत नाही, कारण जादा चटईक्षेत्र फक्त पाडणाऱ्याला मिळतं. दुरुस्ती करणाऱ्या सोसायटीला सरकार काहीच देत नाही. धोरणातली ही बाजू मला सर्वांत जास्त खटकते.

पाडायचं ठरलं तर

४ जुलै २०१९च्या शासन निर्णयात सोसायटीच्या पुनर्विकासाची कार्यपद्धती दिलेली आहे. विकासक निवडण्याच्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती हवी, निबंधकांचा प्रतिनिधी हवा आणि चित्रीकरण हवं. विकासकाकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्क्यांची बँक हमी घ्यायची असते. वाटाघाटीत सगळ्यात आधी सोडली जाते ती हीच हमी, आणि नंतर सगळ्यात जास्त आठवतेही तीच.

प्रत्येक सभासदाचा पर्यायी कायमस्वरूपी जागेचा करार घर रिकामं करण्याआधी नोंदवलेला असला पाहिजे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की विकास करारावर मुद्रांक शुल्क भरलेलं असेल, तर सभासदाच्या या करारावर पुन्हा शुल्क लावता येत नाही. त्यामुळे खर्चाची सबब उरलेली नाही. गोरेगावच्या सिद्धार्थनगर पत्राचाळीत ६७२ कुटुंबांनी २००८च्या करारावर विसंबून घरं सोडली. भाडं बंद पडलं, काम रखडलं, प्रकरण ईडीपर्यंत गेलं आणि शेवटी सरकारला प्रकल्प हाती घ्यावा लागला. दीड दशकाहून जास्त काळ ही माणसं भाड्याच्या घरांतून फिरत राहिली.

विकासकाशिवायही वाट आहे. १३ सप्टेंबर २०१९च्या शासन निर्णयाने स्वयंपुनर्विकासाला दहा टक्के जादा चटईक्षेत्रासह सवलती दिल्या आहेत आणि मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक त्यासाठी कर्ज देते. सभासदांत एकी आणि हिशेबाची शिस्त असेल तर हा मार्ग जरूर तपासावा. नसेल तर त्याच्या नादी लागू नये.

पाडकाम आणि राडारोडा

इमारत पाडणं म्हटलं की लोकांना नोएडाचे जुळे मनोरे आठवतात. २८ ऑगस्ट २०२२ रोजी सुमारे ३,७०० किलो स्फोटकांनी ते काही सेकंदांत खाली बसले. ते काम मुंबईच्याच एका कंपनीने दक्षिण आफ्रिकेतल्या तज्ज्ञांबरोबर केलं होतं. मागे उरला सुमारे ८० हजार टन राडारोडा. मुंबईच्या गल्लीत मात्र काम वरून खाली, मजल्यामागून मजला असंच चालतं. आधी दारं, खिडक्या, ग्रिल, पाइप भंगारात जातात. मग ब्रेकर आणि घण, जागा असेल तर क्रेनने गच्चीवर चढवलेलं छोटं यंत्र. सळया गॅस कटरने कापतात. वीज, पाणी आणि पाइप गॅसची जोडणी तोडल्याचे दाखले आधी हवेत. धुळीसाठी पालिकेने २०२३ मध्ये नियम घातले आहेत : भोवती २५ ते ३५ फूट उंच पत्रे, ओलं कापड, पाण्याचे फवारे. शेजारच्या इमारतीतल्या दमेकऱ्यांनी याचा आग्रह धरावा. तो त्यांचा हक्क आहे.

उंच टॉवरचं म्हातारपण

चार मजल्यांच्या जागी बावीस किंवा चाळीस मजले उभे राहतात तेव्हा घर मोठं होतं, पण पाणी चढवणारे पंप, तीन-चार लिफ्ट, अग्निशमनाची यंत्रणा, जनरेटर हे सगळंही वाढतं. बीडीडीतून किंवा झोपडपट्टीतून आलेल्या कुटुंबाला हा देखभाल खर्च दहा वर्षांनी झेपेल का, हा प्रश्न आजच विचारायला हवा. या इमारती पन्नाशीला पोहोचतील तेव्हा त्या पाडून आणखी जादा मजले विकून खर्च काढायची सोय उरलेली नसेल. त्यांना दुरुस्तीवरच जगावं लागेल. नव्या टॉवरच्या पहिल्याच सर्वसाधारण सभेत दुरुस्ती निधी आजच्या बांधकाम खर्चावर ठरवून घ्यावा, आणि कॉर्पसचे पैसे सभासदांत वाटून न टाकता ठेवीत ठेवावेत.

आणि जुन्या इमारतीत राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. पुढच्या सर्वसाधारण सभेआधी सचिवांना लेखी पत्र देऊन शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटची प्रत मागा. तीन वर्षांपेक्षा जुनी असेल किंवा नसेलच, तर विषयपत्रिकेवर नवं ऑडिट हा पहिला विषय घ्यायला लावा. बिल्डरचं सादरीकरण त्यानंतरच्या सभेत ठेवा.